उंचावरचं काळं आकाश: ताऱ्यांच्या पर्यटनाला खरंच किती वाव आहे?

हवाई बेटांवरच्या मौना केआ या निद्रिस्त ज्वालामुखीचा माथा ४,२०७ मीटर उंच आहे आणि जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी काही तिथे आहेत. तारे बघायला आलेला पर्यटक साहजिकच माथा गाठायला धडपडतो. पण सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात सामान्य लोकांनी माथा सोडायचा, असा तिथला नियम आहे. आकाशदर्शन करायचं ते खाली, २,८०० मीटरवरच्या माहिती केंद्राजवळ. ऐकून वाटतं, पर्यटकाची बोळवणच केली. प्रत्यक्षात नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला माथ्यापेक्षा या खालच्या जागेवरूनच जास्त तारे दिसतात.

कारण आकाशात नाही, डोळ्यात आहे. अंधारात आपण ज्यांच्या जोरावर बघतो त्या दंडपेशींना ऑक्सिजन फार लागतो. हवा विरळ झाली की डोकं दुखायच्या, धाप लागायच्या कितीतरी आधी रात्रीची नजर मंदावते. म्हणूनच वैमानिकांना रात्री ५,००० फुटांच्या, म्हणजे जेमतेम १,५०० मीटरच्या वर जादा ऑक्सिजन वापरण्याची शिफारस असते. दिवसा हीच मर्यादा १०,००० फूट आहे. ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७-५८ टक्के उरतो. आकाश तिथे नितळ असतं, पण ते बघणारा डोळा अर्धपोटी असतो.

दुर्गम, उंच प्रदेशांतल्या ‘ॲस्ट्रो टुरिझम’बद्दल सध्या जे बोललं जातं, त्यात उंची आणि अंधार या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. जितकं उंच तितके तारे जास्त, असा सरळ हिशेब मांडला जातो. माझ्या मते या पर्यटनाचं भांडवल अंधार आहे. उंची ही त्यातली खर्चाची बाजू आहे. हा फरक ज्यांना कळला त्यांचं काम चालेल. बाकीच्यांचं दोन-चार हंगाम चालेल.

दुर्बिणीला उंची कशासाठी हवी

खगोलशास्त्रज्ञ डोंगरावर चढतात त्याची मुख्य कारणं दोन. पहिलं, पाण्याची वाफ. अवरक्त आणि मिलीमीटर लांबीच्या लहरी ही वाफ शोषून घेते, आणि वाफ असते बहुतेक वातावरणाच्या खालच्या थरांत. चिलीच्या अटाकामा वाळवंटातला ‘अल्मा’ हा रेडिओ दुर्बिणींचा समूह ५,००० मीटरवर नेऊन बसवला तो यासाठी. दुसरं कारण हवेची थरथर. गरम-थंड हवेचे थर एकमेकांत मिसळताना ताऱ्याची प्रतिमा हलत राहते. योग्य जागचा उंच डोंगर निवडला की या गडबडीचा बराच भाग पायाखाली राहतो.

नुसत्या डोळ्याला यातल्या कशाचंच फारसं सोयरसुतक नाही. अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही. आणि हवेच्या थरथरीमुळे तारे लुकलुकतात, ते तर पर्यटकाला आवडतंच. (शास्त्रज्ञ ज्या दोषापायी करोडो खर्चून आरसे वाकवणारी यंत्रणा बसवतात, त्याच दोषावर बालगीतं रचली गेली आहेत.)

उंचीचा काहीच उपयोग नाही असं मात्र नाही. स्वच्छ हवेतसुद्धा समुद्रसपाटीवर थेट डोक्यावरच्या ताऱ्याचा साधारण पाव प्रकाश वातावरणात विरतो; ४,००० मीटरवर तो तोटा दहाव्या भागावर येतो. डोक्यावरच्या ताऱ्यांसाठी हा फरक किरकोळ आहे. क्षितिजाजवळ मात्र नजर हवेच्या खूप जाड थरातून जात असते, म्हणून तिथे तो ठळक जाणवतो. उंच, कोरड्या जागी तारे अगदी डोंगराच्या कडेला टेकलेले दिसतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला तेच थक्क करतं. आकाश ‘जवळ’ आल्यासारखं वाटतं ते यामुळे.

आता गंमत बघा. अल्माच्या अँटेना ५,००० मीटरवर, पण त्या चालवणारी माणसं बसतात २,९०० मीटरवरच्या तळावर. लडाखमधल्या हानलेची, शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची दोन मीटर व्यासाची ‘हिमालयन चंद्र’ दुर्बीण चालवली जाते बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या दुव्यावरून. मौना केआवर काम करणारे निरीक्षकही झोपायला २,८०० मीटरवर उतरतात. यंत्रं वर, माणसं खाली, हा त्यांचा अनुभवातून ठरलेला शिरस्ता आहे. पर्यटनाच्या जाहिराती बरोबर उलटं करायला सांगतात.

मग उंच प्रदेश इतके काळे का? तिथे माणसं राहत नाहीत म्हणून. शेती नाही, कारखाने नाहीत, शहरं नाहीत, एवढंच त्याचं कारण. उंचीमुळे अंधार वाढत नाही, एका अर्थी कमीच होऊ शकतो: ४,००० मीटर उंचीवरून समुद्राच्या पातळीवरचं क्षितिज सव्वादोनशे किलोमीटर दूर असतं, म्हणजे तेवढ्या टापूतल्या शहरांचे दिवे थेट नजरेच्या कक्षेत येतात. स्पेनच्या ला पाल्मा बेटावर निसर्गानंच यावर तोड काढली आहे. तिथली वेधशाळा सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि बऱ्याच रात्री ढग तिच्या खाली पसरलेले असतात. किनाऱ्यावरच्या गावांचा उजेड त्या ढगांखाली झाकला जातो. चारी बाजूंनी डोंगर असलेली खोलगट दरी हेच काम वेगळ्या तऱ्हेनं करते. आकाशदर्शनासाठी जागा शोधणाऱ्यानं शिखरापेक्षा अशी दरी शोधावी.

अंधार मोजायचा कसा

‘इथे खूप अंधार असतो’ हे कुणीही म्हणेल. मोजायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. जॉन बॉर्टल या अमेरिकी हौशी निरीक्षकानं २००१ साली एक ते नऊ अशी श्रेणी मांडली: नऊ म्हणजे मोठ्या शहराचा मध्यभाग, एक म्हणजे माणसाच्या दिव्यांचा मागमूस नसलेलं आकाश. यासाठी उपकरण लागत नाही, काय दिसतं आणि काय दिसत नाही यावरून वर्ग ठरतो. आकडा हवा असेल तर मुठीत मावणारा मापक मिळतो, तो आकाशाच्या ठरावीक तुकड्याची तेजस्विता प्रतीमध्ये, म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायच्या एककात, सांगतो. हे माप उलटं चालतं: आकडा मोठा तर अंधार जास्त. नैसर्गिक अंधाराला २२ च्या आसपास आकडा येतो, शहरात १७-१८. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट, त्यामुळे १७ चं आकाश २२ च्या शंभरपट उजळ असतं.

पहिल्या वर्गाचं आकाश डांबरासारखं काळंकुट्ट असेल अशी कल्पना असते, ती खरी नाही. शंभरेक किलोमीटर उंचीवरचे ऑक्सिजनचे अणू स्वतः मंद हिरवट प्रकाश देतात. ग्रहांच्या प्रतलातल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश संध्याकाळनंतर पश्चिमेला एक फिकट सुळका उभा करतो. आकाशगंगेचा मध्यभाग वर आला की तिच्यातले काळे पट्टे, फाटे, गाठी वेगळ्या दिसतात. अशा ठिकाणी नवखा माणूस ओळखीची नक्षत्रंसुद्धा हरवून बसतो, कारण सप्तर्षींच्या सात ताऱ्यांभोवती एकदम शेकडो तारे गर्दी करतात.

हे दुर्मीळ किती झालंय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम उजेडाच्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना ते राहतात तिथून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हौशी निरीक्षकांच्या ५० हजारांहून अधिक नोंदी तपासल्या होत्या. २०११ ते २०२२ या काळात आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. जन्माच्या वेळी घरून २५० तारे दिसत असतील, तर अठराव्या वर्षी त्याच अंगणातून १०० दिसतील, असा त्या वेगाचा अर्थ.

ताऱ्यांच्या पर्यटनाची मागणी या आकड्यांतून जन्माला येते. सुंदर डोंगर, नद्या, जंगलं जगात भरपूर आहेत आणि तिथे स्पर्धाही तेवढीच आहे. अंधार मात्र दरवर्षी आटतोय, आणि ज्या प्रदेशांना ‘मागास’ म्हणून हिणवलं गेलं त्यांच्याचकडे तो शिल्लक आहे.

हानले

या सगळ्या चर्चेत लडाखमधलं हानले पुन्हा पुन्हा येतं, आणि ते रास्तच आहे. लेहपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, चांगथांगच्या पठारावर, सुमारे ४,२५० मीटर उंचीवर ही वस्ती आहे. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला १० सेंटिमीटरही पडत नाही. शेजारच्या डोंगरावर, ४,५०० मीटरवर, बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा २००० सालापासून काम करते. डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनानं वेधशाळेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा टापू ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित केला. भोक, शादो, पुंगुक, खुलदो, नागा या वस्त्या त्यात येतात.

इथे एक गोष्ट नेमकी केली गेली. गावातल्या दोन डझनांच्या आसपास लोकांना, त्यांत स्त्रियाही आहेत, आकाश दाखवण्याचं प्रशिक्षण दिलं आणि हाती आठ इंची दुर्बिणी दिल्या. म्हणजे पाहुणा ज्या घरात जेवतो-झोपतो, त्याच घरातलं कुणीतरी रात्री अंगणात दुर्बीण लावून त्याला शनीची कडी दाखवतं. घरांना जाड पडदे, दिव्यांना वरून झाकण, उबदार रंगाचे बल्ब आणि रात्री गाड्यांचे प्रखर दिवे बंद, असे नियम त्याबरोबर आले. हे नियम लोक पाळतात, कारण अंधाराचा पैसा त्यांच्याच घरात येतो. नुसत्या सरकारी फलकानं हे झालं नसतं. पँगाँग सरोवराजवळच्या मान गावातही २०१९ पासून असाच, गावकऱ्यांच्या घरात राहून तारे बघण्याचा प्रयोग चालू आहे.

मे २०२४ मध्ये सूर्यावरच्या मोठ्या वादळानंतर हानलेच्या आकाशात लालसर ध्रुवीय प्रकाश उमटला आणि त्याची छायाचित्रं सगळीकडे फिरली. एवढ्या दक्षिणेला ही गोष्ट फारच विरळा आहे. ती बघायला मिळेल या आशेनं कुणी आरक्षण करत असेल तर त्याला वेळीच सांगितलेलं बरं.

वर्षाच्या किती रात्री विकता येतात

पर्यटनाचे आराखडे करणारे इथेच गोंधळतात, म्हणून जरा रेंगाळू.

हानलेला वर्षाला साधारण अडीचशे रात्री वेध घेण्याजोग्या मिळतात. जगाच्या मानानं हे उत्तम आहे. पण वेधशाळेची रात्र आणि पर्यटकाची रात्र सारखी नसते. पर्यटकाला आकाशगंगा बघायची असते आणि चंद्र असला की आकाशगंगा जवळपास पुसली जाते. वद्य षष्ठीच्या आसपास चंद्र उशिरा उगवू लागतो, तिथपासून शुद्ध पंचमीपर्यंत, चंद्र उगवण्याआधी किंवा मावळल्यावर, रात्रीचे दोन-तीन तास तरी काळे मिळतात. म्हणजे महिन्याला साधारण १४ रात्री.

त्यात हंगाम. हिवाळ्यात तिथे पारा उणे २५ अंश आणि त्याखाली जातो; सामान्य पाहुणा येईल असे महिने सहाच धरू. ६ गुणिले १४ म्हणजे ८४ रात्री. अडीचशे भागिले ३६५ या प्रमाणात, म्हणजे दोन-तृतीयांश रात्री निरभ्र धरल्या, तर उरतात ५६. हा ढोबळ हिशेब आहे, ढग काही सरासरी बघून येत नाहीत. पण अंदाज येतो: खास ताऱ्यांसाठी म्हणून विकता येतील अशा रात्री वर्षाला साठच्या आत.

साठ रात्रींवर घर चालत नाही. घराला जोड मात्र चांगली मिळते. ज्या घरात पशमिना बकऱ्या आहेत, कुणाची नोकरी आहे, दिवसा काळ्या मानेचे क्रौंच आणि कियांग नावाची रानगाढवं बघायला येणारे पाहुणे आहेत, त्या घराला ही साठ रात्रींची कमाई फार मोलाची आहे. फक्त याच्या भरवशावर कर्ज काढून काचेच्या छताच्या पंधरा खोल्या बांधणाऱ्याचं गणित जुळणं कठीण आहे.

हुशार यजमान उरलेल्या रात्रीही वाया घालवत नाही. शुद्ध अष्टमीच्या आसपास चंद्राच्या उजेड-काळोखाच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, दुर्बिणीतून ते दृश्य आकाशगंगेइतकंच खिळवून ठेवतं. गुरूचे चंद्र, शनी, जोडतारे चांदण्यातही दिसतात. पौर्णिमेच्या रात्री बर्फाळ पठारावर फिरायला नेता येतं. अट एकच, आरक्षण घेतानाच ‘या तारखांना आकाशगंगा दिसणार नाही’ असं स्वच्छ सांगायचं.

शरीराचा हिशेब

२,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं. तरुण, धडधाकट, रोज धावणारा माणूसही यातून सुटत नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. विमानानं लेहला उतरणारा माणूस थेट ३,५०० मीटरवर येतो. तिथून हानले म्हणजे आणखी ७५० मीटरची उडी. लेहमध्ये पुरेशी विश्रांती न घेता ही उडी मारणं धोक्याचं आहे, आणि चार दिवसांच्या सहलीत सगळं बसवणारे नेमकी तीच विश्रांती कापतात. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्यापर्यंत गोष्ट गेली तर ताबडतोब खाली उतरणं हाच खरा इलाज असतो. सपाट पठारावर ‘खाली’ बऱ्याच तासांच्या अंतरावर असतं.

शिवाय तारे बघणं हा बसून राहण्याचा उद्योग आहे. गिर्यारोहक चालून अंग गरम ठेवतो. इथे मध्यरात्री, गोठवणाऱ्या थंडीत, मान वर करून तासन्‌तास एका जागी उभं राहायचं असतं. वृद्ध, लहान मुलं, हृदयाचे किंवा श्वसनाचे विकार असणारे यांच्यासाठी हे नाहीच. म्हणजे आधीच मर्यादित असलेला ग्राहकवर्ग उंचीमुळे आणखी आकसतो. यासाठीच मी उंचीला खर्चाची बाजू म्हटलं.

दुर्बिणीतून खरं काय दिसतं

आठ इंची दुर्बिणीचा आरसा वीस सेंटिमीटरचा. अंधाराला सरावलेल्या बाहुलीच्या मानानं तो सुमारे आठशेपट प्रकाश गोळा करतो. साध्या बैठकीवरच्या या दुर्बिणीला मोटर नसते. पृथ्वी फिरत असते, म्हणून मोठं केलेलं शनीचं बिंब मिनिटभरात दृष्टिक्षेत्राच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकून नाहीसं होतं. दाखवणारा दोन पाहुण्यांच्या मध्ये नळीला बोटानं हलकासा रेटा देत राहतो. थंडीत नेत्रिकेवर श्वास पडला की काच धुकटते, मग रांगेत थांबलेले सगळे ती निवळण्याची वाट बघत उभे. पंधरा जणांचा गट, एक दुर्बीण आणि प्रत्येकाला मिनिटभर धरलं, तर तासाला चार गोष्टी दाखवून होतात. गट वाढवला की पैसे वाढतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला रांगच येते.

आणि मग रंग. जाहिरातीतला मृगातला तेजोमेघ गुलाबी-जांभळा असतो, दुर्बिणीत तो राखाडी, फार तर किंचित हिरवट ढगासारखा दिसतो. दंडपेशींना रंग ओळखता येत नाहीत, आणि छायाचित्र अनेक मिनिटांचा प्रकाश साठवून बनलेलं असतं. देवयानी दीर्घिका तर नुसता धूसर ठिपका. तिच्याकडे रोखून न बघता नजर थोडी बाजूला ठेवली की ती अधिक स्पष्ट होते, कारण दंडपेशी डोळ्याच्या पडद्यावर मध्यबिंदूच्या भोवती दाट असतात. पाहुण्याला कुणी हे सांगितलं नाही तर तो ‘एवढंच?’ म्हणून बाजूला होतो. सांगितलं, आणि त्या ठिपक्यातून डोळ्यात शिरणारा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय हेही सांगितलं, तर तोच पाहुणा पुन्हा रांगेत उभा राहतो. या धंद्यात दुर्बिणीवर जितका पैसा खर्च होतो तितका दाखवणाऱ्या माणसाच्या शिक्षणावर होत नाही, आणि मला तीच मोठी उणीव वाटते.

डोळा अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. एका माणसानं खिशातून मोबाइल काढून वेळ बघितली की आजूबाजूच्या सगळ्यांची ती तपश्चर्या पाण्यात जाते. लाल, मंद विजेऱ्या वापरायच्या त्या यासाठी. दंडपेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम सर्वांत कमी होतो.

पैसा आला की दिवे येतात

आर्थिक बाजू सरळ आहे. दिवसाचा पर्यटक सरोवराशी दोन तास थांबतो, फोटो काढतो, निघून जातो. ताऱ्यांसाठी आलेल्याला मुक्काम करावाच लागतो. रात्रीचं जेवण, अंथरूण आणि सकाळचा नाश्ता, तिन्हींचे पैसे गावात राहतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठाराबद्दल २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासानं काळ्या आकाशासाठी येणारे पर्यटक दहा वर्षांत ५.८ अब्ज डॉलर खर्च करतील, असा अंदाज मांडला होता. मात्र तिथे चांगले रस्ते आहेत, राष्ट्रीय उद्यानांची रांग आहे आणि आधीपासून येणारे लाखो लोक आहेत. तो आकडा उचलून एखाद्या दुर्गम पठाराच्या अहवालात चिकटवणं ही फसवणूक आहे.

दुखणं पुढेच आहे. पर्यटक वाढले की हॉटेलं येतात. हॉटेलांबरोबर फाटकावरचा दिवा, वाहनतळावरचा दिवा, नावाची पाटी, डिझेलचा जनित्र. पांढरा एलईडी सर्वांत घातक, कारण त्यात निळा प्रकाश जास्त असतो आणि हवेच्या रेणूंवरून निळा प्रकाश केशरीच्या तिपटीनं विखुरतो. काळ्या आकाशात एकच उघडा दिवा मैलभरावरून डोळ्यात घुसतो. म्हणजे हा असा व्यवसाय आहे की तो वाढला की त्याचा माल आपोआप कमी होतो.

यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत: दिव्याला वरून पूर्ण झाकण, पिवळसर रंग, गरजेपुरती तीव्रता, माणूस आला तरच लागणारा दिवा. अवघड आहे ते वेळेवर कायदा करणं. स्पेननं कॅनरी बेटांच्या आकाशासाठी १९८८ मध्येच कायदा केला. न्यूझीलंडच्या मॅकेंझी खोऱ्यात बाहेरच्या दिव्यांवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बंधनं आहेत. २०१२ मध्ये तिथला ४,३०० चौरस किलोमीटरहून मोठा टापू आंतरराष्ट्रीय राखीव आकाश म्हणून मान्य झाला. दोन्हीकडे आधी नियम आला, पर्यटक त्यानंतर. दिवे लागून गेल्यावर ते विझवायला सांगणं कुठल्याच सरकारला जमत नाही.

धोका फक्त हॉटेलांचा नसतो. चिलीत पारानाल वेधशाळेपासून काही किलोमीटरवर मोठा औद्योगिक ऊर्जा प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा पारानाल चालवणाऱ्या ‘युरोपीय दक्षिण वेधशाळा’ या संस्थेला जाहीर विरोधात उतरावं लागलं. आणि मे २०१९ पासून हजारोंच्या संख्येनं सोडलेले इंटरनेटचे उपग्रह तर कुठल्याही राखीव क्षेत्राची सीमा मानत नाहीत. संध्याकाळनंतर आणि पहाटेपूर्वी ते अगदी निर्जन पठारावरूनही दिसतात.

आकाशाच्या खाली कोण राहतं

‘दुर्गम’ म्हणजे निर्मनुष्य नव्हे. मौना केआ हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी पवित्र डोंगर आहे. तिथे तीस मीटरची नवी दुर्बीण बांधायला निघाल्यावर २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये लोकांनी रस्ता अडवला. त्यांचं भांडण ताऱ्यांशी नव्हतं. त्यांना विचारलंच गेलं नाही, याचा तो राग होता. पर्यटनानं हे आधीच लक्षात घ्यावं.

उलट बाजूनं पाहिलं तर स्थानिकांकडे अशी एक गोष्ट असते जी बाहेरचा आयोजक आणू शकत नाही. अँडीज पर्वतातले लोक तारे जोडून आकृत्या करतातच, शिवाय आकाशगंगेतल्या काळ्या डागांमध्येही प्राणी बघतात. याकाना ही त्यांची काळी लामा (लामा म्हणजे उंटाच्या कुळातला तिथला पाळीव प्राणी). मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे तिचे डोळे. ही लामा बघायला खरोखरच काळं आकाश लागतं, कारण जरा उजेड असला की ते डाग दिसतच नाहीत. अशी कथा त्या पर्वतात वाढलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणं आणि बाहेरून आलेल्या मार्गदर्शकानं लेझर फिरवत सांगणं, यात फार अंतर आहे.

मग वाव किती?

साधारण २,००० ते ३,००० मीटरचा पट्टा मला सर्वांत आशादायक वाटतो. अटाकामातलं सान पेद्रो २,४०० मीटरवर आहे आणि तिथे रोज रात्री आकाशदर्शनाच्या सहली निघतात, हा योगायोग नव्हे. या उंचीवर हवा कोरडी, नितळ मिळते आणि बहुतेकांचं शरीर फारशी कुरकुर करत नाही. चिलीच्याच एल्की खोऱ्यात तर पर्यटकांसाठी बांधलेली मामायुका वेधशाळा १९९८ पासून यापेक्षाही कमी उंचीवर चालू आहे.

४,००० मीटरच्या वरच्या जागा थोड्या लोकांसाठीच ठेवाव्यात: ज्यांच्याकडे आठ-दहा दिवस आहेत, जे सावकाश चढतील, जे एका रात्रीत ढग आले म्हणून पैसे परत मागणार नाहीत. तिथे खाटांच्या संख्येवर मर्यादा असावी आणि भाव चढा असावा. पाणी कमी, कचरा थंडीत कुजत नाही, जळण दुरून आणावं लागतं. गर्दी पेलण्याची ताकद त्या जमिनीतच नाही.

जाणाऱ्यानं आरक्षण करण्यापूर्वी यजमानाला काही प्रश्न विचारावेत. त्या तारखांना चंद्र किती वाजता उगवतो किंवा मावळतो? अंगणातला दिवा कधी बंद होतो, आणि शेजाऱ्याचा? दाखवणारा माणूस गावचा आहे का, आणि एका दुर्बिणीमागे किती जण असतील? ढग आले तर त्या रात्री काय कराल? वाटेत आधीचे दोन मुक्काम किती उंचीवर करावेत? जवळचा ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे आहे? चंद्राच्या प्रश्नावर ‘कधीही या, तारे रोजच असतात’ असं उत्तर आलं, तर पुढचं घर बघावं.